घरचा हिशेब, घरचा संगणक : प्रस्तावना

वाणिज्य शाखेत दुकानाचा, कंपनीचा, सहकारी संस्थेचा हिशेब शिकवतात, अर्थशास्त्रात देशाचा. या दोहोंच्या मधे जे घर आहे, जिथे पगार येतो, हप्ते जातात, मुलांची फी भरली जाते, गावाकडे औषधपाण्याला पैसे पाठवले जातात, त्या घराने आपली वही कशी ठेवावी हे मात्र कोणी शिकवत नाही. ते आईवडिलांना पाहून उचलायचे. त्यांची वही कागदाची होती, आपली संगणकात गेली, आणि तिथे मागच्या पिढीला विचारायची सोय राहिली नाही. ज्याच्या घरी संगणक आहे, हिशेब ठेवायची इच्छा आहे, पण कोणता प्रोग्राम घ्यावा इथेच ज्याचे घोडे अडले आहे, त्या वाचकासाठी हे लेखन आहे. विषय वरून कोरडा दिसतो. आत शिरल्यावर कुटुंबाच्या काळज्या, हौस, नात्यातले देणेघेणे, पुढच्या दहा वर्षांचे बेत असे सगळेच त्यात सापडते.

घरखर्च लिहिण्यामागचा विचार बराच जुना आहे. जपानमध्ये मोतोको हानी या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये गृहिणींसाठी हिशेबाची छापील वही काढली. तिथे अशा वहीला ‘काकेइबो’ म्हणतात. खर्च झाल्यावर लिहिण्याआधी तो किती व्हावा हे ठरवा, हा हानीबाईंचा आग्रह होता. पुढे १९८५ मध्ये रिचर्ड थेलर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने असे मांडले की माणूस सगळे पैसे सारखे धरत नाही. तो मनातल्या मनात त्यांचे कप्पे पाडतो आणि एका कप्प्यातले दुसऱ्यात जाऊ देत नाही. थेलर यांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या घरांत डाळीच्या डब्यात दूधवाल्याचे आणि कपाटातल्या साडीखाली दिवाळीचे पैसे ठेवणाऱ्या बायकांना ही गोष्ट करून माहीत होती, आणि आज ‘पाकीट पद्धती’ने अंदाजपत्रक करणारे प्रोग्राम नेमके तेच करतात.

स्मरणशक्तीवर हिशेब चालत नाही, हे सरकारी संख्याशास्त्रज्ञांनाही ठाऊक आहे. आपल्या देशात कुटुंबांच्या खर्चाची पाहणी होते तेव्हा भाजी, फळे, अंडी, मासे यांचा खर्च गेल्या ७ दिवसांचा विचारतात, धान्य आणि इंधनाचा ३० दिवसांचा, आणि कपडे, शिक्षण, टिकाऊ वस्तू यांचा ३६५ दिवसांचा. भाजीचा खर्च महिनाभर कोणाच्या लक्षात राहत नाही आणि फ्रिज दर आठवड्याला कोणी घेत नाही, हे धरूनच ही रचना केलेली आहे. घरचा हिशेब ठेवणाऱ्याने तिच्यातून एवढे जरूर घ्यावे : रोजचे रोज लिहायचे काय आणि वर्षाकाठी एकदा पाहायचे काय, हे आधी वेगळे करावे.

आता मुख्य मुद्दा. घराचा हिशेब प्रोग्रामपेक्षा जास्त जगतो. म्हणून प्रोग्राम निवडताना आत काय काय आहे हे पाहण्याआधी, त्यातून आपल्या नोंदी बाहेर कशा निघतात ते पाहावे. दुकानदार, जाहिराती आणि ओळखीपाळखीचे लोक यांपैकी कोणीही हे आधी सांगत नाही, म्हणून मी ते पहिल्याच पानावर ठेवतो आहे.

या क्षेत्राचा इतिहास त्याची साक्ष देतो. स्कॉट कुक आणि टॉम प्रू यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत इन्ट्युइट ही कंपनी काढली आणि ‘क्विकन’ बाजारात आणले. पडद्यावर चेकबुकासारखेच पान दिसे, त्यामुळे हिशेबाचे शिक्षण नसलेल्या माणसालाही ते पटकन जमे. मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये ‘मनी’ आणले, तरी क्विकनला हरवता येईना. तेव्हा १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्टने इन्ट्युइटच विकत घ्यायचे ठरवले; अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ मध्ये कोर्टात हरकत घेतली आणि व्यवहार मोडला. घरखर्चाच्या प्रोग्रामला त्या काळी केवढे मोल होते, ते यावरून कळावे. पण २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘मनी’ची विक्री बंद केली आणि पुढच्या वर्षी ‘सनसेट’ नावाची शेवटची फुकट आवृत्ती देऊन विषय मिटवला. इन्ट्युइटने २०१६ मध्ये क्विकन एका गुंतवणूक कंपनीला विकून टाकले. २००७ मध्ये निघालेली ‘मिंट’ ही लोकप्रिय सेवा इन्ट्युइटनेच २००९ मध्ये १७ कोटी डॉलरला घेतली होती. मार्च २०२४ मध्ये तीही बंद झाली. ‘यू नीड अ बजेट’ या पाकीट पद्धतीच्या प्रोग्रामची एकदाच पैसे भरून घ्यायची, संगणकावर चालणारी आवृत्ती होती. २०१५ च्या अखेरीस तिच्या जागी वर्गणीची, इंटरनेटवरची आवृत्ती आली.

या इतिहासाशेजारी घराचा काळ ठेवून पाहा. पीपीएफची मूळ मुदत १५ वर्षांची, गृहकर्ज बहुधा २० वर्षांचे, विमा त्याहून लांब. आज घेतलेला फ्लॅट तीस वर्षांनी विकायचा झाला तर खरेदीची किंमत, मुद्रांक शुल्क, वाढीव बांधकामाचा खर्च हे सगळे भांडवली नफा काढताना लागते. तेवढ्या अवधीत तीन-चार प्रोग्राम सहज येऊन जातील. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात अठराव्या शतकातल्या रोजकीर्दी आहेत. मोडी वाचता येणारा अभ्यासक आजही त्या उघडून कोणत्या दिवशी कशावर किती खर्च झाला ते सांगू शकतो, कारण तिथे लिपीपलीकडे दुसरी किल्ली लागत नाही. ‘मनी’मध्ये वीस वर्षांपूर्वी ठेवलेला हिशेब वाचायला मात्र तो बंद पडलेला प्रोग्राम आधी शोधून बसवावा लागतो.

म्हणून कोणताही प्रोग्राम पक्का करण्यापूर्वी एक छोटी परीक्षा घ्यावी. त्यात दहा-बारा नोंदी कराव्यात, त्यांत एखादी देवनागरीतली असावी, एखादी अनेक भागांत विभागलेली. मग त्या सगळ्या सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये बाहेर काढाव्यात आणि स्प्रेडशीटमध्ये उघडून बघाव्यात. तारखा नीट आल्या का? विभागलेल्या नोंदीचे भाग शाबूत राहिले का? ‘किराणा’ हे ‘किराणा’च राहिले, की त्याची चौकोन आणि प्रश्नचिन्हे झाली? बरेचदा देवनागरी फाइलमध्ये ठीक असते, पण एक्सेल ती फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात वाचत नाही म्हणून गोंधळ दिसतो, हेही लक्षात असू द्यावे. या परीक्षेत जो नापास होतो तो प्रोग्राम कितीही देखणा असो, मी कोणाला सुचवत नाही.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे : आपण हिशेबाला काय विचारणार? ‘महिन्याला पैसे जातात कुठे’ एवढेच विचारायचे असेल तर खर्चाची यादी आणि तिचे वर्गीकरण पुरते. ‘आपण नेमके कुठे उभे आहोत’ हे विचारायचे असेल तर यादी अपुरी पडते आणि द्विनोंदी पद्धतीकडे यावे लागते. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात ही पद्धत व्यवस्थित मांडली, आणि अकरावीच्या पुस्तपालनात आजही तीच शिकवतात. प्रत्येक रक्कम एका खात्यातून निघते आणि दुसऱ्यात पोचते, दोन्हीकडे लिहायची.

घरात याने काय फरक पडतो ते एका हप्त्यावरून पाहू. ३० लाखांचे गृहकर्ज, व्याज ८.५ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता येतो सुमारे २६,०३५ रुपये. पहिल्या महिन्यात यातले २१,२५० रुपये व्याज असते आणि ४,७८५ रुपये मुद्दल. यादीवाला प्रोग्राम सगळे २६,०३५ रुपये ‘खर्च’ म्हणून लिहून मोकळा होतो. द्विनोंदीत बँकेतून २६,०३५ गेले, त्यातले २१,२५० व्याजाच्या खर्चाला लागले आणि ४,७८५ रुपयांनी कर्ज उतरले, अशी नोंद होते. वर्षअखेर यादी म्हणते की घरासाठी तीन लाख बारा हजार खर्च झाले. खातेवही म्हणते की त्यातले साधारण २ लाख ५२ हजार व्याजापायी गेले आणि जेमतेम ६० हजारांनी कर्ज कमी झाले. दिवाळीच्या बोनसमधून कर्जाचा काही भाग आधीच फेडावा का, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या मांडणीत समोर दिसते. पहिलीत ते शोधूनही सापडत नाही.

क्रेडिट कार्डाचेही असेच. जुलैत कार्डावर ८,४०० रुपयांचे कपडे घेतले, ऑगस्टमध्ये बँकेतून कार्डाचे ८,४०० रुपयांचे बिल भरले. कार्डाचे आणि बँकेचे अशी दोन्ही विवरणे प्रोग्राममध्ये ओतली आणि दोन्ही ओळी खर्च मानल्या, तर १६,८०० रुपये खर्च दिसतो. कार्ड हे देण्याचे खाते आहे. खर्च जुलैत झाला आणि ऑगस्टमध्ये फक्त देणे फिटले, हे ज्या प्रोग्रामला कळते तोच कार्ड वापरणाऱ्या घराच्या कामाचा. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे हिशेब इथेच सर्वांत जास्त चुकतात.

या दृष्टीने पाहिले तर निवड फार अवघड राहत नाही. एक पगार, एक बँक खाते, कर्ज नाही, अशा घराला स्प्रेडशीट पुरे. एक्सेल असेल तर ते, नाहीतर लिबरऑफिसचे कॅल्क फुकट आहे. स्प्रेडशीटचा धोका एवढाच की मधे एक ओळ वाढवली आणि खालच्या बेरजेने ती धरली नाही तर कोणी ओरडून सांगत नाही. ‘होमबँक’ हा फ्रेंच लेखकाचा मुक्त, म्हणजे मूळ कोड सर्वांना खुला असलेला, प्रोग्राम हलका आहे, खर्चाचे वर्गीकरण आणि तक्ते झटपट देतो. कर्ज-गुंतवणुकीचा पसारा नसलेल्या घराला मी तोच सांगेन. ज्याच्याकडे गृहकर्ज, म्युच्युअल फंड, मुदत ठेवी, पीपीएफ असे सगळे आहे, त्याने ‘ग्नूकॅश’ शिकण्याचे कष्ट घ्यावेत. तोही मुक्त आणि फुकट आहे, १९९८ पासून त्याच्या स्थिर आवृत्त्या निघत आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतो, आणि त्याची फाइल खुल्या स्वरूपात असल्यामुळे उद्या प्रोग्राम उरला नाही तरी आतला मजकूर वाचता येईल. त्याच्या पडद्यावरील मजकुराचे मराठी आणि कोंकणी भाषांतरही झालेले आहे. ‘नावे’ आणि ‘जमा’ या शब्दांनी कोणी बिचकू नये. तो सुरुवातीला साधे शब्द दाखवतो, हिशेबी शब्द हवे असतील तर पर्यायांत जाऊन निवडायचे. अंदाजपत्रकाच्या बाबतीत मात्र तो कमकुवत आहे. पाकीट पद्धतीनेच चालायचे असेल तर २०२२ मध्ये मुक्त झालेला ‘अॅक्चुअल’ पाहावा. केडीई या मुक्त प्रोग्राम बनवणाऱ्या गटाचा ‘केमायमनी’ ग्नूकॅशच्या जवळचा, दिसायला थोडा सौम्य. नोंदी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून त्यांवर आज्ञा चालवणाऱ्यांचा एक वेगळा पंथ आहे. २००३ मधल्या जॉन विगली यांच्या ‘लेजर’पासून तो सुरू झाला. ज्यांना प्रोग्रामिंगची सवय आहे त्यांना त्यासारखे सुख दुसरीकडे मिळणार नाही.

महाराष्ट्रात हिशेबाचा संगणक म्हटले की पहिले नाव टॅलीचे निघते. गावोगावच्या क्लासमध्ये टॅली शिकलेली मुले-मुली आहेत, आणि त्यांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. पण टॅली दुकानासाठी आणि कारखान्यासाठी बनली आहे. बिले, माल, जीएसटी हे तिचे बळ, आणि घरात त्याचा उपयोग नाही. परवान्याशिवाय शैक्षणिक पद्धतीत चालवली तर महिन्यातल्या ठरावीक दोन-तीन तारखांनाच नोंदी घेते, म्हणजे तोही मार्ग बंद. टॅली शिकलेल्या माणसाला ग्नूकॅश मात्र एका संध्याकाळी हाताशी येतो, कारण गट, खाती आणि ताळेबंद ही मांडणी त्याच्या ओळखीची असते. घरात असे कोणी असेल तर हिशेबाची सुरुवात त्यांच्याकडूनच करून घ्यावी.

परदेशी प्रोग्राम निवडताना तो कोणत्या घरासाठी बनला होता याचा विचार करावा. क्विकनच्या डोळ्यांसमोर चेकने बिले भरणारे अमेरिकन कुटुंब होते. आपले घर यूपीआयने चहाचे वीस रुपये देते, भिशीत पैसे घालते, पतसंस्थेत ठेव ठेवते, सोने घेते, आणि भावाला उसने दिलेले कधी परत येतील ते विचारत नाही. यातले काहीच अडचणीचे नाही, पण खाती उघडताना ते धरून चालावे लागते. भिशी ही सुरुवातीला येणे आणि आपला नंबर लागल्यावर देणे होते. तिला खर्चात टाकू नये. सोने ग्रॅममध्ये लिहावे, भाव वर्षातून एकदा बदलला तरी पुष्कळ. वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च धरता येते का, दहा लाखांत स्वल्पविराम १०,००,००० असा पडतो का, हेही आधीच पाहून घ्यावे. तारखेची तर विशेष काळजी घ्यावी. बँकेच्या फाइलमध्ये ०४/०५ म्हणजे ४ मे असते आणि अमेरिकी वळणाचा प्रोग्राम ते ५ एप्रिल समजतो. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या नोंदी गुपचूप दुसऱ्याच महिन्यात जाऊन बसतात, आणि १३ तारखेपासून पुढे मात्र त्याला तारीख वाचताच येत नाही. पहिली फाइल आत घेतल्यावर शेवटची शिल्लक पासबुकाशी जुळवून पाहावीच, आणि तारखा चाळाव्यात. चुकलेल्या तारखांनी शिल्लक बदलत नाही, त्यामुळे ती चूक नुसत्या बेरजेतून कळत नाही.

यूपीआयमुळे आलेला ओळींचा पूर हा नवा प्रश्न आहे. शंभर रुपयांच्या आतल्या प्रत्येक व्यवहाराला नाव देत बसण्यापेक्षा ‘सुटा खर्च’ असे एकच खाते ठेवावे, हे माझे मत आहे. हिशेबातला कंटाळा तिथून सुरू होतो, आणि एकदा कंटाळा आला की मोठ्या नोंदीही राहतात.

म्युच्युअल फंडांच्या बाबतीत आपल्याकडे एक चांगली सोय आहे. ‘अॅम्फी’ ही फंडांची संघटना सर्व योजनांचे रोजचे भाव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये सर्वांसाठी खुले ठेवते, आणि ग्नूकॅशला भाव पुरवणारे साधन ते भारतीय भावही आणू शकते. आयकर खात्याकडून नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती विवरण मिळते. त्यात व्याज, लाभांश, फंडांची विक्री दिसते. आपली खातेवही त्याच्याशी ताडून पाहिली की विसरलेली मुदत ठेव सापडते, तशीच विवरणातली चूकही सापडते. ज्याच्याकडे स्वतःची नोंद नाही त्याला दुसऱ्याने लिहिलेले खरे मानावे लागते.

आता सुरक्षिततेचे. कोणताही प्रोग्राम नेट बँकिंगचा पासवर्ड मागत असेल तर तो तिथेच सोडावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या निर्देशांतून आलेली आणि २०२१ मध्ये प्रत्यक्ष सुरू झालेली ‘अकाउंट अॅग्रिगेटर’ ही व्यवस्था त्याहून चांगली आहे. तिच्यात पासवर्ड द्यावा लागत नाही, ठरावीक माहितीला ठरावीक मुदतीची संमती देता येते आणि ती मागेही घेता येते. पण तिचा उपयोग मुख्यतः फोनवरची अॅप करतात. घरच्या संगणकावर स्वतः फाइल उतरवून घेणे थोडे जास्त कामाचे असले तरी मला तेच पसंत आहे. माहिती घराबाहेर जात नाही, आणि महिन्यातून एकदा प्रत्येक ओळ डोळ्यांखालून जाते. हिशेबाच्या फाइलच्या आणखी दोन प्रती असाव्यात, त्यांतली एक संगणकापासून लांब. पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवला तर तो चोराबरोबर किंवा पुराच्या पाण्याबरोबर संगणकासोबतच जातो.

आणि ती फाइल घरात दुसऱ्या कोणाला तरी उघडता आली पाहिजे. दहा वर्षे कोणी हात न लावलेल्या बँक ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होतात. त्यांचा शोध घेण्यासाठी २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे पोर्टल काढावे लागले, कारण कितीतरी घरांत खाते कुठे आहे हेच मागे राहिलेल्यांना माहीत नसते. नवरा हिशेब ठेवतो आणि बायकोला त्यातले काही माहीत नाही, किंवा सगळे मुलाच्या लॅपटॉपवर आहे आणि आईवडील अंधारात, हे मी फार घरांत पाहिले आहे आणि त्याचे मला नेहमी वाईट वाटते. दर ३१ मार्चला ताळेबंदाचे एक पान छापावे, त्यावर खाती, ठेवी, विमा, नॉमिनी यांची नावे असावीत, आणि ते घरातल्या महत्त्वाच्या कागदांत ठेवावे. प्रोग्राम निवडताना असे पान तो सरळ छापून देतो का, हेही पाहायचेच.

सुरुवात १ एप्रिलला करता आली तर उत्तम, नाहीतर कोणत्याही महिन्याच्या एक तारखेला. त्या दिवशीची प्रत्येक खात्यातली शिल्लक, हातातली रोकड आणि कर्जाची बाकी एवढे आरंभीची शिल्लक म्हणून लिहावे. मागच्या वर्षांच्या नोंदी भरायच्या मागे लागू नये. शेअर आणि फंड हा त्याला अपवाद. त्यांची खरेदीची तारीख आणि किंमत विक्रीच्या वेळी लागते, आणि ३१ जानेवारी २०१८ किंवा त्याआधी घेतलेल्या शेअर व इक्विटी फंडांसाठी त्या दिवसाचा भावही लागतो, तेव्हा ते जुने असले तरी शोधून लिहावे. खर्चाची खाती पहिल्यांदा दहा-बाराच असू द्यावीत. किराणा आणि भाजी वेगळी हवीत का, हे दोन-तीन महिन्यांनी आपोआप कळते. तोवर अंदाजपत्रकही करू नये, नुसते लिहीत जावे. ज्या घराचा खर्च अजून माहीतच नाही त्याच्यावर आकडे लादले की ते दुसऱ्या आठवड्यात मोडतात आणि वहीही तिथेच थांबते.